मानेचा मणका ओळखायचा कसा आणि त्याच्या सांध्यांचे वर्गीकरण करायचे कसे

सुट्या मणक्यांच्या ढिगातून मानेचा मणका वेगळा काढायचा असेल तर बॉडीचा (पुढच्या जाड भागाचा) आकार किंवा मागच्या काट्याची लांबी यांच्या मागे लागू नका. आधी ट्रान्सव्हर्स प्रोसेस, म्हणजे बाजूला निघालेला हाडाचा फाटा, बघा. तिला आरपार भोक आहे? मग मणका मानेचा. हे भोक म्हणजे फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियम. मानेच्या सातही मणक्यांत ते असते, पाठीच्या किंवा कमरेच्या मणक्यात नसते.

फसगत दोन ठिकाणी होते. वर्षानुवर्षे हाताळलेल्या हाडांत भोकाची पुढची बारीक पट्टी तुटलेली असते, मग भोकाच्या जागी नुसती खाच दिसते. बोट फिरवून बघा, तुटलेली कड खरखरीत लागते. दुसरी फसगत सी-७ ची, म्हणजे मानेच्या सातव्या मणक्याची (सी म्हणजे मान, टी म्हणजे पाठ). त्याचे भोक बारीक असते, कधी एका बाजूला दोन भोके असतात, क्वचित एका बाजूला भोकच नसते. अशा वेळी मणका सी-७ की टी-१ हे बॉडीच्या कडेवरून ठरवा. बरगडी टेकण्यासाठी तिथे गुळगुळीत फॅसेट (सांध्याचा छोटा पृष्ठभाग) असेल तर टी-१, नसेल तर सी-७. टी-१ ची बॉडी वरून बरीचशी मानेच्या मणक्यासारखीच दिसते, त्यामुळे नुसत्या बॉडीवर भरवसा ठेवणारा इथे हमखास चुकतो.

आता मणका धरायचा कसा ते. बॉडी तुमच्यापासून लांब, काटा म्हणजे स्पाइन तुमच्याकडे. वर-खाली ठरवायला बॉडीचा पृष्ठभाग बघा. वरच्या पृष्ठभागाच्या उजव्या-डाव्या कडा उचललेल्या असतात, त्यांना अन्सिनेट प्रोसेस म्हणतात. खालच्या पृष्ठभागाची पुढची कड खाली उतरलेली असते. काटा मागे आणि थोडा खाली झुकतो. मणका मधल्या रेषेतला असल्यामुळे त्याला उजवा-डावा असा प्रकार नसतो. व्हायवात (तोंडी परीक्षेत) 'साइड कोणती?' असे मुद्दाम विचारले तर गडबडू नका.

सी-३ ते सी-६ हे चार टिपिकल मणके. बॉडी लहान, पुढून मागे कमी आणि आडवी जास्त. व्हर्टिब्रल फोरामेन, म्हणजे मज्जारज्जूचे मधले भोक, त्रिकोणी आणि बॉडीच्या मानाने मोठे, कारण हातांकडे जाणाऱ्या नर्व्हमुळे मज्जारज्जू मानेत जाडसर असतो. काटा आखूड, टोकाशी दुभंगलेला. त्याची दोन टोके सारखी असतीलच असे नाही. ट्रान्सव्हर्स प्रोसेसला पुढे एक आणि मागे एक ट्युबर्कल (छोटा उंचवटा), आणि दोन्हींच्या मधून जाणारी पन्हळ. स्पायनल नर्व्ह बाहेर पडते ती या पन्हळीतून, भोकातून नाही. 'फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियममधून नर्व्ह जाते' हे वाक्य उत्तरपत्रिकेत वारंवार सापडते. भोकातून जाते ती व्हर्टिब्रल आर्टरी, तिच्यासोबत व्हेन्स आणि सिंपथेटिक तंतूंचे जाळे. नर्व्ह आर्टरीच्या मागून जाते. आर्टरी सहसा सी-६ च्या भोकात शिरते आणि वर चढते. सी-७ च्या भोकात ती नसते, तिथून फक्त व्हेन्स जातात. सी-७ चे भोक बारीक का, याचे उत्तर इथेच आहे.

या चारांतला नेमका कितवा, हे एका सुट्या हाडावरून सांगायचा हट्ट धरू नका. सी-६ चा पुढचा ट्युबर्कल मोठा असतो, त्याला कॅरोटिड ट्युबर्कल म्हणतात, कारण कॉमन कॅरोटिड आर्टरी त्याच्यावर दाबता येते. तो ठसठशीत दिसला तर सी-६ म्हणा. एरवी 'टिपिकल सर्व्हायकल' म्हणून थांबणे हेच बरोबर उत्तर आहे.

फॅसेटकडे मात्र वेळ देऊन बघा. वरचे फॅसेट मागे आणि वर तोंड करून, खालचे पुढे आणि खाली. आडव्या पातळीशी साधारण ४५ अंशांचा उतार. मणके एकावर एक रचले की हे फॅसेट उतरत्या छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर बसतात आणि तसेच एकमेकांवरून सरकतात. मानेला सगळ्या दिशांची हालचाल मिळते ती या उतारामुळे, आणि मानेचा धोकाही त्यातच आहे. कमरेत फॅसेट जवळजवळ उभे आणि एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे तिथे मणका निखळायचा तर सहसा हाडही मोडते. मानेत जोराचा झटका बसला तर हाड न मोडता एक फॅसेट दुसऱ्यावरून उडी मारून पुढे जाऊ शकतो.

वेगळे तीन: ॲटलस, ॲक्सिस आणि सी-७

ॲटलसला, म्हणजे सी-१ ला, बॉडी नाही आणि काटाही नाही, नुसते कडे. पुढची कमान आखूड, मागची लांब, दोन्ही बाजूंना जाड लॅटरल मास. लॅटरल मासचे वरचे फॅसेट लांबट, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि खोलगट, तर खालचे गोलसर आणि जवळजवळ सपाट. वर-खाली यावरूनच ठरते. खात्री हवी असेल तर मागच्या कमानीवर लॅटरल मासच्या लगेच मागे खोबण शोधा. ती व्हर्टिब्रल आर्टरीची, आणि कमानीच्या वरच्या बाजूलाच असते. आर्टरी आणि हाड यांच्यामध्ये पहिली सर्व्हायकल नर्व्ह असते. काही ॲटलसमध्ये या खोबणीवर हाडाचा पूल तयार झालेला दिसतो. हा नैसर्गिक फरक आहे, आजार समजू नका. पुढच्या कमानीच्या आतल्या बाजूला डेन्ससाठी (ॲक्सिसच्या दांड्यासाठी) छोटा गोल फॅसेट, आणि लॅटरल मासच्या आतल्या बाजूला ट्रान्सव्हर्स लिगामेंट जिथे चिकटते तो उंचवटा. हे दोन बोटाने चाचपून लक्षात ठेवा, पुढे सांध्यात लागतील.

ॲक्सिस, म्हणजे सी-२, ओळखायला डेन्स पुरे, बॉडीतून वर आलेला साधारण दीड सेंटिमीटरचा दांडा. त्याच्या पुढच्या बाजूला ॲटलससाठी फॅसेट, मागच्या बाजूला ट्रान्सव्हर्स लिगामेंटची आडवी खाच. काटा जाडजूड आणि दुभंगलेला.

सी-७ चा काटा लांब, जवळजवळ आडवा, टोकाशी गाठीसारखा आणि न दुभंगलेला.

सांधे: आधी मध्ये काय आहे ते विचारा

वर्गीकरणात घोळ होतो तो रचना आणि हालचाल या दोन कसोट्या एकत्र केल्यामुळे. आधी रचना ठरवा. दोन हाडांच्या मध्ये पोकळी आहे का? असेल तर सांधा सायनोव्हियल. पोकळी नसेल तर हाडे कशाने जोडली आहेत ते बघा. तंतूंनी जोडली असतील तर फायब्रस, कूर्चेने जोडली असतील तर कार्टिलेजिनस. हे ठरल्यावरच हालचालीकडे वळा: अचल, अल्पचल की मुक्तचल. 'कूर्चा आहे म्हणजे कार्टिलेजिनस' ही नेहमीची चूक. सायनोव्हियल सांध्यातही हाडांच्या टोकांवर कूर्चा असतेच, पण तिथे दोन कूर्चांच्या मध्ये पोकळी असते.

ही कसोटी कवटीपासून खाली चालवून बघा.

कवटी आणि ॲटलस यांच्यामध्ये डिस्क नाही. ऑक्सिपिटल कॉन्डाइल, म्हणजे कवटीच्या तळाचे दोन उंचवटे, ॲटलसच्या खोलगट फॅसेटमध्ये बसतात. सायनोव्हियल, एलिप्सॉइड जातीचे, उजवा आणि डावा मिळून एकत्र काम करणारे. होकारार्थी मान हलते ती मुख्यतः इथे.

ॲटलस आणि ॲक्सिस यांच्यामध्येही डिस्क नाही. इथे तीन सायनोव्हियल सांधे आहेत. बाजूचे दोन प्लेन, म्हणजे सरकते. मधला पिव्हट, म्हणजे खुंटीचा. मधल्यात डेन्स ही खुंटी, आणि तिच्याभोवतीचे कडे अर्धे हाडाचे, अर्धे लिगामेंटचे. पुढे ॲटलसची कमान, मागे ट्रान्सव्हर्स लिगामेंट. म्हणून त्याला सहसा पोकळ्याही दोन, एक डेन्सच्या पुढे आणि एक मागे. नकारार्थी मान इथे फिरते. मानेच्या एकूण फिरण्यापैकी साधारण निम्मे याच पातळीवर होते.

ट्रान्सव्हर्स लिगामेंट सैल झाले की डेन्स मागे मज्जारज्जूकडे सरकतो. संधिवाताच्या रूमॅटॉइड प्रकारात असे होते, कारण सूज सायनोव्हियममध्ये, म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तरात, येते आणि सायनोव्हियम या लिगामेंटला खेटूनच असतो. डाउन सिंड्रोममध्येही लिगामेंट सैल असू शकते. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर ॲटलसची पुढची कमान आणि डेन्स यांच्यातले अंतर मोजतात. मोठ्या माणसात ते ३ मिलिमीटरपर्यंत, मुलांत ५ मिलिमीटरपर्यंत चालते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी हे पक्के करावे: रूमॅटॉइडच्या रुग्णाची मान तपासणीआधी जोराने वाकवायची किंवा फिरवायची नाही.

ॲक्सिसच्या खाली प्रत्येक जोडीची रचना सारखीच. सी-४ आणि सी-५ घ्या. दोन बॉडींच्या मध्ये डिस्क: वर-खाली हायलाइन कूर्चेची पातळ चकती, मध्ये फायब्रोकार्टिलेजची रिंग आणि जेलीसारखा गाभा. हा सेकंडरी कार्टिलेजिनस सांधा, म्हणजे सिम्फिसिस, हालचालीने अल्पचल. मागे दोन फॅसेट सांधे: सायनोव्हियल, प्लेन, मुक्तचल. लॅमिनांना (मागच्या कमानीच्या पट्ट्यांना) जोडणारे पिवळसर लिगामेंटम फ्लेव्हम आणि काट्यांमधली लिगामेंट्स फायब्रस गटात, सिंडेस्मोसिस. एका पातळीवर तिन्ही गट हजर. मानेतली पहिली डिस्क सी-२ आणि सी-३ यांच्यामध्ये, शेवटची सी-७ आणि टी-१ यांच्यामध्ये, एकूण सहा.

कशातच नीट न बसणारा एक सांधा उरतो. अन्सिनेट प्रोसेस आणि वरच्या बॉडीची कड यांच्यामधला. जर्मन शरीररचनातज्ज्ञ ह्युबर्ट फॉन लुश्का यांच्या नावाने तो ओळखला जातो. काही जण त्याला सायनोव्हियल मानतात, काही जण डिस्कच्या कडेला पडलेली फट म्हणतात. जन्मतः तो नसतो, वाढत्या वयात दिसू लागतो, त्यामुळे दुसरे मत जास्त पटते. परीक्षेत दोन्ही मते लिहा. दवाखान्यात त्याचे महत्त्व वेगळे आहे. स्पॉन्डिलोसिसमध्ये, म्हणजे मणक्यांच्या झिजेत, याच कडेवर हाडाची वाढ होते, मागे-बाहेर नर्व्ह रूटला आणि बाजूला व्हर्टिब्रल आर्टरीला खेटते. झीज सी-५ आणि सी-६ यांच्यामध्ये सर्वांत जास्त आढळते आणि तिथे दबते ती सी-६ नर्व्ह. मानेत नर्व्ह आपल्याच नंबरच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, फक्त आठवी सी-७ च्या खालून. मणके सात, नर्व्ह आठ, हा हिशेब इथे जुळतो.

प्रायमरी कार्टिलेजिनस सांधाही मानेत आहे, पण लहान मुलाच्या. डेन्सचा पाया ॲक्सिसच्या बॉडीशी हायलाइन कूर्चेने जोडलेला असतो आणि साधारण ४ ते ६ वर्षांत हाडाने भरून येतो. तोपर्यंत एक्स-रेवर तिथे आडवी काळी रेघ दिसते आणि नवखा डॉक्टर तिला फ्रॅक्चर समजतो. मोठ्या माणसात त्याच जागी रेघ दिसली तर मात्र फ्रॅक्चरच आधी मनात आणा. डेन्सच्या मुळाशी मोडलेले हाड बऱ्याचदा नीट जुळत नाही, हेही लक्षात असू द्या.

बीएएमएसच्या (आयुर्वेदाच्या पदवीच्या) विद्यार्थ्यांना याच्या जोडीला सुश्रुतांचे वर्गीकरण लागते. तिथे संधी २१०, मुख्य भेद चेष्टावंत आणि स्थिर, आणि आकारावरून आठ प्रकार: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त. ग्रीवा आणि पृष्ठवंश प्रतर प्रकारात येतात. प्रतर आणि प्लेन ही जोडी फॅसेट सांध्यांना छान जमते, पण डेन्सच्या सांध्याला नाही. सगळीकडे एकास एक जोडी लावत बसू नका. दात उलूखलात आहेत, खांदाही उलूखलात. आधुनिक वर्गीकरणात मात्र दात गोंफोसिस म्हणजे फायब्रस, आणि खांदा सायनोव्हियल.

जिवंत मानेवर शोधताना

समोरच्याला खुर्चीत सैल बसवा, मान किंचित पुढे. कवटीच्या मागच्या उंचवट्यावरून मधल्या रेषेत बोट खाली आणा. पहिला हाडाचा टणकपणा लागतो तो सी-२ च्या काट्याचा, कारण ॲटलसला काटा नाही. ॲटलसची ट्रान्सव्हर्स प्रोसेस कानामागच्या मॅस्टॉइडचे टोक आणि जबड्याचा कोन यांच्यामध्ये लागते. ती बऱ्याच जणांना दुखते, हलकेच दाबा. पुढून हायॉइड (जिभेखालचे हाड) साधारण सी-३ च्या पातळीवर, क्रिकॉइड (स्वरयंत्राच्या खालच्या भागातली कूर्चेची रिंग) सी-६ च्या. क्रिकॉइडच्या बाजूला चाचपताना दोन्ही कॅरोटिड एकाच वेळी कधीही दाबू नका.

सी-७ साठी मान पूर्ण खाली वाकवायला सांगा. सर्वांत वर आलेला काटा सी-७ असे धरतात, पण काही जणांत सी-६ किंवा टी-१ जास्त उठून दिसतो. म्हणून ठळक दिसणाऱ्या दोन काट्यांवर दोन बोटे ठेवा आणि मान हळूहळू मागे न्यायला सांगा. सी-६ पुढे सरकून बोटाखालून नाहीसा होतो, सी-७ जागेवर राहतो. दोन्ही काटे जागेवरच राहिले तर बोटे सी-७ आणि टी-१ वर आहेत, एक काटा वर सरका आणि पुन्हा करा.