आई किंवा बाबा जवळ नसलेल्या मुलाला गोष्ट देताना या चुका टाळा

नाशिकच्या रामकुंडावर दहाव्याला कावळा पिंडाला लवकर शिवला नाही, की मोठी माणसं हात जोडून म्हणू लागतात, "पोरांची काळजी करू नका, आम्ही आहोत." शेजारी उभं असलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल ते सगळं ऐकत असतं. पंचवटीतल्या आमच्या ओट्यावर रविवारी मुलं गोष्टी ऐकायला जमतात. त्यांतल्या एका मुलाने यातून स्वतःपुरता अर्थ लावून टाकला होता: बाबा माझ्यावर रागावून गेले, म्हणून कावळा येत नव्हता. दीड महिना हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मग एका रविवारी मी रचलेल्या गोष्टीतलं अस्वलाचं पिल्लू म्हणालं, "मी मध सांडला म्हणून आई गेली का?" आणि तो एकदम बोलला, "हो ना, मला पण तसंच वाटतं."

गोष्टीचं काम मला एवढंच दिसतं. मुलाच्या मनात अडकलेला प्रश्न ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून विचारते. दुःख घालवण्याचं काम आपण तिच्यावर लादतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सगळ्यांना एकच गोष्ट

आई-बाबा जवळ नसण्याची कारणं सारखी नसतात. पेठ-सुरगाण्याकडची माणसं द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात आणि मुलं आजीपाशी राहतात. कुणाचे बाबा फौजेत असतात. कुणाचे आई-बाबा वेगळे झालेले असतात, आणि कुणाची आई वारलेली असते. बागेवर गेलेल्या आईची वाट पाहणाऱ्या मुलीला मृत्यूची गोष्ट वाचून दाखवली, तर आजवर नव्हती ती भीती तिच्या मनात शिरते. याच्या उलट चूक जास्त वाईट. बाबा वारलेल्या मुलाला अशी गोष्ट दिली जाते, जिच्यात हरवलेले बाबा शेवटच्या पानावर दार वाजवतात. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मेलेलं माणूस परत येत नाही हे नीटसं कळलेलं नसतं. अशी गोष्ट ऐकलेलं मूल दाराकडे बघत बसतं.

वेगळे झालेल्या घरातल्या मुलाला दोन घरांची गोष्ट हवी असते: वही एका घरी राहते, दप्तर दुसऱ्या घरी, आणि तरी दोन्हीकडे त्याच्या नावाचा कप असतो. ती गोष्ट आपल्याकडे फार कमी लिहिली जाते.

झोपले, गावाला गेले, तारा झाले

'बाबा झोपले' असं ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं, आईलाही झोपू देत नाही. 'गावाला गेले' म्हटलं की विचारतं, मला न सांगता का गेले? 'देवाघरी गेले' हे तर पंचवटीत सांगणं कठीणच, इथे पावलोपावली देवाचं घर आहे. एका चार वर्षांच्या मुलीने काळाराम मंदिराच्या पायरीवर आजीला विचारलं होतं, "आई ह्याच घरी आलीय का?" तारा होण्याची गोष्ट ऐकायला गोड असते, पण पावसाळ्यात आभाळ झाकलं की मूल विचारतं, आता कुठे गेले?

म्हणून गोष्टीत 'मेली', 'वारले' हे शब्द असू द्या. शरीर थांबलं, आता भूक लागत नाही, दुखत नाही, परत येता येत नाही, हे साध्या वाक्यांत यावं. घरातली देवाधर्माची भाषा या साध्या वाक्यांच्या जोडीने चालते, त्यांच्या जागी नाही.

लगेच 'श्यामची आई'

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. मला ते जिवापाड प्रिय आहे, तरीही आई जाऊन महिनाही न झालेल्या मुलाच्या हातात ते ठेवू नका. या पुस्तकातली प्रकरणं म्हणजे एकेक रात्र, आणि शेवटच्या रात्रींमधला मृत्यू फार जवळून येतो. शिवाय श्यामची आई इतकी थोर आहे, की आईशी भांडलेलं, तिला 'तू नकोस मला' म्हणालेलं मूल अपराधी होऊन बसतं. त्याला आधी अशी आई भेटू द्या, जी कधी चिडायची, जिची भाजी करपायची. श्याम नंतर भेटेल. भेटल्यावर मात्र मध्येच थांबायची मोकळीक ठेवा.

सावत्र आई आणि लव-कुश

वडील दुसरं लग्न करणार असतील, तर दुष्ट सावत्र आईच्या गोष्टी काही दिवस कपाटात ठेवा. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हणही मुलासमोर नको. त्याने एका आईवर दुसरी मागितलेली नसते.

लव-कुशाची गोष्ट मात्र जरूर सांगा. बाप कोण हे न कळता वाल्मीकींच्या आश्रमात ती दोघं वाढतात, धनुष्य शिकतात, गातात. बाप भेटतो तेव्हा आई जाते. तो शेवट गोड करू नका. मुलं तिथे गप्प होतात, ते गप्प राहणं मोलाचं असतं.

वाचून झाल्यावरची घाई

पुस्तक मिटलं की आपण विचारतो, "मग, काय शिकलास?" किंवा "तूही तसाच शूर हो, आता घरात तूच मोठा." नऊ वर्षांच्या खांद्यावर घर ठेवू नका. समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा शेजारी बसा, खडू-कागद ठेवा. बोलायचं असेल तर मूल चित्र काढता काढता बोलतं.

तरीही बिनसलं तर

मुलाने पुस्तक अर्ध्यात मिटलं, तर ते हाताला लागेल तिथे राहू द्या, आग्रह नको. तेच पान वीस वेळा वाचायला लावलं, तर वीस वेळा वाचा. रडून लगेच गल्लीत क्रिकेट खेळायला पळालं, तर त्याला दुःख नाही असं समजू नका. मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्याने येतं. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, शाळेला जायला तयार नाही, किंवा 'मला बाबांकडे जायचंय' असं म्हणत असेल, तर गोष्टींवर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

आणि वाचताना तुमचाच आवाज भरून आला, तर खोकल्याचं निमित्त करू नका. "मला त्यांची आठवण आली" एवढं म्हणा, पाणी प्या आणि पुढे वाचायचं की उद्या, ते मुलाला विचारा.