पार्लर रिकामं असतं तेव्हा नवीन कस्टमर कसे आणायचे

गौरी यायच्या आधीचे चार दिवस पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि अनंत चतुर्दशी झाली की पुढच्याच आठवड्यात दुपारी दोन वाजता आपण आरशासमोरच्या खुर्चीत एकट्याच बसलेलो असतो, हे लहान पार्लर चालवणाऱ्या प्रत्येकीला माहितीये. भाडं, लाइटबिल, हाताखालच्या मुलीचा पगार यांना पितृपक्ष नसतो. माझं पार्लर तालुक्याच्या गावात आहे, दोन खुर्च्या आणि एक फेशियल बेड, बारा वर्षं झाली. त्यात जे खरंच उपयोगी पडलं तेच सांगते.

आधी वही काढा

आपल्याकडे मंदीचे दिवस कधी येतात ते अंदाजाने ठरवू नका, मागच्या वर्षीची अपॉइंटमेंटची वही उघडून बघा. पितृपक्ष असतोच, पौषात लग्नं नसतात, दहावी-बारावीच्या परीक्षांमध्ये आया घराबाहेर पडत नाहीत, महिन्याचा शेवटचा आठवडा तसाच जातो. आणि अधिक महिना आला तर तो वेगळा. २०२३ला अधिक श्रावण होता तेव्हा फारसं जाणवलं नाही, पण २०२६चा अधिक ज्येष्ठ ऐन मे-जूनात, म्हणजे लग्नसराईच्या मधोमध. अशा वर्षी ब्रायडलच्या भरवशावर राहून चालत नाही.

वारांचंही बघा. बऱ्याच घरांत मंगळवारी, शनिवारी, अमावस्येला केस कापत नाहीत, नवरात्रात तर काही जणी नऊ दिवस केसांना कात्री लावत नाहीत. त्यावर वाद घालायचा नाही, त्या दिवशी हेअरकटची जाहिरातच करायची नाही, पेडिक्युअर, क्लीनअप, हेड मसाज याबद्दल बोलायचं. उलट पितृपक्षाचे शेवटचे तीन-चार दिवस "घटस्थापनेच्या आधी करून घ्या" म्हणून भरतात, कारण नंतर त्यांना चालणार नसतं.

गर्दीत परत गेलेल्या बायकांचे नंबर

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि मला हे कळायला पाच-सहा वर्षं गेली. सणाच्या गर्दीत दारातून आत डोकावून "किती वेळ लागेल?" विचारून परत जाणाऱ्या बायका असतात ना, त्याच तुमच्या नवीन कस्टमर. त्या पार्लर शोधत तुमच्या दारापर्यंत आलेल्या असतात, फक्त तुमच्याकडे वेळ नव्हता. मी आता काउंटरवर एक छोटी वही ठेवते, हाताखालच्या मुलीला सांगून ठेवलंय की कोणी परत जात असेल तर नाव आणि नंबर घे आणि कशासाठी आल्या होत्या ते लिही. "ताई, आज खूप गर्दी आहे, तुमचं काम घाईत नाही करायचं मला, पुढच्या आठवड्यात निवांत करू, मी स्वतः फोन करते" एवढं म्हटलं की नंबर देतात. आणि मग खरंच फोन करायचा, मेसेज नाही, फोन.

रेट पाडू नका

दुसऱ्या वर्षी मी पितृपक्षात बाहेर बोर्ड लावला होता, सगळ्यावर ५० टक्के सूट. आल्या कोण, तर माझ्या नेहमीच्याच, ज्या पंधरा दिवसांनी पूर्ण पैसे देऊन येणारच होत्या, आणि नवरात्रात त्याच विचारायला लागल्या की ताई ते सूटवालं कधी आहे. हिशोब करून बघा. ८०० रुपयांच्या फेशियलला माल २०० रुपयांचा लागतो असं धरलं तर नेहमी हातात ६०० येतात. अर्धा रेट केला की ४०० मधून तेच २०० जातात, राहिले २००. म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी तिप्पट काम. त्यापेक्षा रेट तोच ठेवा आणि वर काहीतरी द्या, क्लीनअपसोबत दहा मिनिटं डोक्याला तेल मसाज. तेल लागतं थोडंसंच, वेळ तर रिकामाच होता, आणि बाईला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. "मैत्रिणीला घेऊन या" सांगायचं असेल तरी असंच करा, दोघींनाही मसाज, फक्त आणणारीला नाही, नाहीतर नवीन आलेलीला वाटतं आपल्याला गिऱ्हाईक म्हणून ओढून आणलंय.

फोनवरचं काम

गूगलवर पार्लरची नोंद फुकट होते. नाव, मॅपवर बरोबर जागा, वेळ, आणि स्वच्छ खुर्ची-बेडचे पाच-सहा फोटो टाका. गावात नवीन बदली होऊन आलेल्या बँकेतल्या, शाळेतल्या बायका आधी तिथेच शोधतात, त्यांना इथे ओळखीचं कोणी नसतं. रिव्ह्यू लिहा म्हणून प्रेमाने विचारा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून पैसे घेतानाच "माझा नंबर सेव्ह करून घ्या हं" म्हणायचं. रोज सुविचार पाठवू नका, बायका म्यूट करतात. "उद्या बुधवारी २ ते ४ मोकळं आहे" एवढंच पुरतं. कस्टमरचा फोटो तिला विचारल्याशिवाय स्टेटसला टाकायचा नाही, कधीच.

बायका जिथे आहेत तिथे जा

दुपार रिकामी आहे ना, मग शटर अर्धं ओढून बाहेर पडा. बचत गटाची मीटिंग, नर्सिंग कॉलेजचं हॉस्टेल, सोसायटीतली भिशी. आधी विचारून जायचं, अर्धा तास मागायचा, काही विकायचं नाही, काहीतरी करून दाखवायचं.

मी एकदा बचत गटात गेले होते, पितृपक्षातच. पन्नाशीच्या एक काकू मागे बसल्या होत्या, पाय साडीखाली ओढून. टाचांना भेगा, काळ्या पडलेल्या, शेतात जाणाऱ्या बाईच्या असतात तशा. म्हणाल्या, आमच्या पायाला काय करणार तू. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मीठ आणि थोडा शाम्पू टाकला, वीस मिनिटं भिजवले, मग प्युमिस स्टोनने हलक्या हाताने एक टाच घासली आणि क्रीम लावलं. दुसरा करायच्या आधी दोन्ही पाय शेजारी ठेवले. सगळ्या पुढे सरकून वाकून बघायला लागल्या, काकूंनी स्वतःच्या टाचेवरून दोनदा बोट फिरवलं आणि काही बोलल्याच नाहीत. त्या महिन्यात त्या गटातल्या सात जणी माझ्याकडे पेडिक्युअरला आल्या, त्यातल्या चौघी आयुष्यात पहिल्यांदा पार्लरची पायरी चढल्या होत्या. एक लक्षात ठेवा, भेगांतून रक्त येत असेल किंवा बाईला शुगर असेल तर घासायचं नाही, डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं.

पहिल्या वेळेला काय सांभाळायचं

नवीन बाई आली की तिच्यासमोर हात धुवा, धुतलेला टॉवेल घ्या, काम सुरू करायच्या आधी रेट सांगा. थ्रेडिंगचा दोरा तोंडात धरणं बऱ्याच जणींना आवडत नाही पण त्या बोलत नाहीत, गळ्यात अडकवून करायची सवय लावा. हेअर कलरला आली असेल तर कानामागे पॅच टेस्ट करून ४८ तासांनी बोलवा, भले ती म्हणो आजच करा. आणि आयब्रोला आलेल्या बाईला "चेहरा किती काळवंडलाय, फेशियल करून घ्या" असलं काही म्हणू नका. तिला चेहऱ्याबद्दल काय वाटतं ते तिला बोलू द्या.

आयब्रो तीन-चार आठवड्यांत वाढतात, म्हणून विसाव्या-बाविसाव्या दिवशी तिला एक मेसेज करा. आणि वहीत प्रत्येक नवीन नावापुढे "कुठून कळलं" लिहून ठेवा, गूगल, मैत्रीण, बचत गट, बोर्ड, जे असेल ते. दोन पितृपक्ष असं लिहिलं की पुढच्या वेळी दुपारी कुठे जायचं आणि कुठे नाही, ते वहीतच दिसतं.