ख्रिस्ती कॉलेजातला कोअर आणि बायबलचे कोर्स: या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्या टेबलासमोर एखादा तरी विद्यार्थी येऊन बसतो, ज्याचे मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, सगळे विषय झालेले असतात. गाऊन मागवलेला असतो, पुण्याहून आई-बाबांची तिकिटं काढून झालेली असतात. आणि डिग्री ऑडिटवर, म्हणजे पदवीच्या अटी पूर्ण झाल्या का ते दाखवणाऱ्या यादीवर, एक ओळ अजून 'अपूर्ण' म्हणत असते. बहुतेक वेळा ती ओळ बायबलच्या कोर्सची असते. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका ख्रिस्ती कॉलेजात विद्यार्थ्यांचे कोर्स लावून देणं हे माझं काम. त्या मुलाचा चेहरा बघवत नाही, कारण त्याला हे पहिल्याच वर्षी कुणी नीट सांगितलं असतं, तर ही वेळ आली नसती.

नाव ख्रिस्ती, म्हणजे आपल्याकडच्यासारखंच असेल

आपल्या डोळ्यांसमोर विल्सन किंवा झेवियर्स असतं. तिथे शिकलेल्या किती जणांनी बायबल उघडलं असेल? राज्यघटनेच्या कलम 28 (3) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीविना धार्मिक शिक्षणाला हजर राहायला लावता येत नाही. त्यामुळे 'ख्रिस्ती कॉलेज' म्हणजे चांगली इमारत, चांगली शिस्त, एवढाच अर्थ आपल्या मनात राहतो.

अमेरिकेतल्या खासगी ख्रिस्ती कॉलेजांचं तसं नाही. तिथे बायबल हा पदवीचाच भाग असतो. ओहायोतल्या सीडरव्हिल विद्यापीठात तुम्ही इंजिनियरिंग करा नाहीतर नर्सिंग, बायबलचा मायनर, म्हणजे जोडविषय, प्रत्येकाला करावा लागतो. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजच्या कोअरमध्ये, म्हणजे शाखा कुठलीही असो सगळ्यांना लागणाऱ्या विषयांत, जुना करार, नवा करार आणि ख्रिस्ती विचार यांचे वेगवेगळे कोर्स आहेत. कॅथलिक संस्थांची रीत आणखी वेगळी. बॉस्टन कॉलेजच्या कोअरमध्ये थिऑलॉजीचे दोन आणि तत्त्वज्ञानाचे दोन कोर्स लागतात. तेव्हा 'ख्रिस्ती कॉलेज आहे' एवढ्यावर थांबू नका. अर्ज भरण्याआधी त्या कॉलेजचा कॅटलॉग, म्हणजे कोर्स आणि नियमांचं पुस्तक, उघडून कोअरचं पान शेवटपर्यंत वाचा. विश्वासनाम्यावर किंवा वर्तनाच्या नियमांवर सही करावी लागते का, तेही तिथेच बघा. ज्याच्याशी मन सहमत नाही त्यावर सही करून चार वर्षं काढणं फार अवघड जातं.

'बायबल काय, नंतर उरकून टाकू'

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती हुशार मुलं जास्त करतात. कॉम्प्युटर सायन्सचे अवघड कोर्स आधी संपवायचे आणि 'सोपं' शेवटाला ठेवायचं, असा हिशेब असतो. पण बायबलचे कोर्स बऱ्याच ठिकाणी साखळीसारखे असतात. जुना आणि नवा करार झाल्याशिवाय वरच्या पातळीच्या कोर्सला नाव नोंदवता येत नाही. त्यातला एखादा फक्त स्प्रिंग सेमिस्टरला असतो, किंवा त्याची वेळ नेमकी लॅबवर येते. तीन कोर्स एका वर्षात कोंबायला गेलं की साखळी तुटते.

यात व्हिसाची भर. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट घ्यावी लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, म्हणजे 3 क्रेडिट, मोजला जातो. शेवटच्या सेमिस्टरला कमी क्रेडिट चालतात, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी लागते. आणि एकच कोर्स उरला असेल, तर तो नुसता ऑनलाइन करून अमेरिकेत राहता येत नाही. वाचन झेपत नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये बायबलचा कोर्स ड्रॉप करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. 13 मधून 3 वजा झाले की तुम्ही 10 वर आलात. ड्रॉपचं बटण दाबण्याआधी त्या कार्यालयात जा, नंतर नको.

वेळ निघून गेलीच असेल, तर आधी आय-20 वरची, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरची, शेवटची तारीख बघा. मुदत वाढवून घ्यायची तर ती तारीख उलटण्याआधीच. भारतात परतून उरलेला कोर्स ऑनलाइन करू देतात का, हेही विचारा. काही कॉलेजं देतात. होकार मिळाला तर तो लेखी घ्या.

भक्ती लिहिली, उत्तर नाही लिहिलं

ही चूक मराठी ख्रिस्ती घरातून आलेल्या मुलांकडून होते, आणि त्यांना ती मनाला लागते. लहानपणापासून संडे स्कूल, पाठ केलेली वचनं, घरात रोजची प्रार्थना. त्यांना वाटतं हा आपला हातखंडा विषय. आणि पहिल्याच पेपरला सी येतो.

अहमदनगरकडच्या (आताचं अहिल्यानगर) एका मुलीने जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकावर लिहिलेला पेपर तिने मला दाखवला होता. सासू-सुनेचं प्रेम, निष्ठा, देवाची कृपा, सगळं मनापासून लिहिलेलं. पण प्रश्न होता: लेखक रूथला पुन्हापुन्हा 'मवाबी', म्हणजे परक्या मवाब देशाची, का म्हणतो? आम्ही दोघी पुस्तक घेऊन बसलो. पहिल्या अध्यायाच्या शेवटी 'मवाबी'. दुसऱ्यात शेतात निघाली तेव्हा 'मवाबी', त्याच अध्यायाच्या शेवटाकडे परत 'मवाबी'. चौथ्यात तिच्याशी लग्न करणारा बवाज वेशीत वडीलधाऱ्यांसमोर बोलतो, तिथेही तेच. मग मी तिला अनुवाद (इंग्रजीत ड्युटरॉनॉमी) या पुस्तकातलं 23:3 काढायला सांगितलं. तिथे मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असा नियम आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, म्हणजे गावातल्या प्रत्येकाला ती कोण आहे ते ठाऊक होतं, आणि तरी तिला घेतलं." तिचा पुढचा पेपर तिथून सुरू झाला.

प्राध्यापकाला हेच हवं असतं: मजकुरात काय आहे, कुठल्या शब्दावरून म्हणता, त्या काळात त्याचा अर्थ काय होता. श्रद्धेला गुण नसतात, म्हणून हिंदू, मुस्लिम किंवा कुठलाच धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यालाही इथे ए मिळू शकतो, आणि मी तसे विद्यार्थी पाहिलेत. घरून आलेली मराठी बायबलची प्रत मात्र बाजूला ठेवू नका. निर्गम म्हणजे एक्झोडस, प्रेषितांची कृत्ये म्हणजे ॲक्ट्स, अशी जोडी पहिल्या आठवड्यातच लिहून काढा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. रिसर्च पेपरला विषय सुचत नसेल, तर एका उताऱ्याचं त्यांचं भाषांतर इंग्रजीशेजारी ठेवून बघा. तुमच्या वर्गात हे दुसऱ्या कुणालाही जमणार नाही.

मराठीची सूट आणि हरवलेली क्रेडिट

बऱ्याच कॉलेजांच्या कोअरमध्ये परकीय भाषेची अट असते आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना त्यातून सूट मिळते. ती आपोआप मिळेल असं धरून चालू नका. अर्ज करावा लागतो, मराठी माध्यमाची किंवा मराठी विषय असलेली दहावीची गुणपत्रिका उपयोगी पडते. आणि नीट विचारा: सूट मिळाली म्हणजे अट गेली, की क्रेडिटही मिळाले? बहुतेक ठिकाणी फक्त अट जाते. पदवीची साधारण 120 क्रेडिट तुम्हालाच भरायची असतात. एका मुलाच्या ऑडिटवरच्या सगळ्या ओळी पूर्ण दिसत होत्या आणि क्रेडिटची बेरीज 117.

बाहेरून क्रेडिट आणण्याचंही असंच. एपी आणि सीएलईपी या क्रेडिट मिळवून देणाऱ्या बाहेरच्या परीक्षांनी इतिहास, गणित, लेखन सुटू शकतं. बायबलसाठी तशी परीक्षा नाही. दुसऱ्या कॉलेजचा 'जगातले धर्म' हा कोर्स जुन्या कराराच्या जागी बसेल असंही समजू नका. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला पैसे भरण्याआधी तिथला सिलॅबस रजिस्ट्रारकडे पाठवा आणि ईमेलवर होकार आल्यावरच फी भरा. कॉरिडॉरमध्ये कुणी "चालेल बहुतेक" म्हटलं, ते ऑडिटमध्ये चढत नाही.

चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या उपासनेला, क्रेडिट नसतात म्हणून ते सोडून देणारेही भेटतात. सीडरव्हिलमध्ये सोमवार ते शुक्रवार रोज चॅपल असतं, इतर ठिकाणी आठवड्यातून दोन-तीनदा. जिथे हजेरी सक्तीची आहे तिथे ती मोजली जाते, आणि गैरहजेरी साठली की दंड किंवा ताकीद येते. नोकरीची वेळ किंवा नर्सिंगचं हॉस्पिटलमधलं क्लिनिकल आड येत असेल, तर सेमिस्टरच्या सुरुवातीला सवलतीचा अर्ज द्या.

मित्राचा चार वर्षांचा आराखडा उतरवून घेऊ नका. तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा कॅटलॉग साधारणपणे तुम्हाला लागू होतो. मित्र एक वर्ष आधी आला असेल, तर त्याचा कोअर वेगळा असू शकतो. त्या कॅटलॉगची पीडीएफ उतरवून ठेवा, दर सेमिस्टरला ऑडिट छापा आणि प्रत्येक रिकाम्या ओळीसमोर कोर्स आणि सेमिस्टर पेन्सिलने लिहा. तो कागद घेऊन ॲडव्हायझरकडे जा. तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये गेलात तर अजून सगळं दुरुस्त करता येतं.