फोमबोर्डच्या भिंती वाकू नयेत म्हणून: माझा अनुभव

दुसऱ्या महायुद्धातली १९४४ ची फ्रान्समधल्या नॉर्मंडीची लढाई छोट्या सैनिकांच्या खेळासाठी टेबलावर मांडायची, तर दगडी शेतघरं हवीतच. २८ मिलिमीटर उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांसाठी मी ती ५ मिलिमीटर जाड फोमबोर्डमधून (दोन कागदांमध्ये फोम असलेला हलका पुठ्ठा) कापतो. दार साधारण ४० मिलिमीटर उंच ठेवलं की बेसवर (पायाखालच्या चकतीवर) उभा सैनिक त्यापुढे शोभतो.

अडचण यायची गिलाव्याला. गोंद, पाणी आणि बारीक वाळूचा थर बाहेरून दिला की वाळताना भिंत धनुष्यासारखी वाकायची, कोपऱ्यातला सांधा उघडायचा. फोमच्या दोन्ही बाजूंना कागद असतो. ओल्या बाजूचा कागद आधी फुगतो आणि सुकताना आक्रसतो. कोरडी बाजू आहे तशीच राहते. ताण एकाच बाजूने बसतो, हे खरं कारण.

आता गिलाव्याआधी भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ॲक्रिलिक रंगाचा हात देतो आणि पूर्ण वाळू देतो. कोपऱ्यात आतून त्रिकोणी तुकडे, लांब भिंतीला मध्ये आडवी भिंत. गिलावाही एकदम जाड नाही, पातळ दोन थरांत. आधीच वाकलेल्या भिंतीची फुगीर बाजू किंचित ओली करून वजनाखाली वाळू दिली, तर बरीचशी सरळ होते.

रंगकाम मला सगळ्यात आवडतं. नॉर्मंडीतला चुनखडीचा दगड फिकट पिवळसर, म्हणून तपकिरी अस्तरावर जवळजवळ कोरड्या ब्रशने क्रीम रंग फिरवायचा. स्प्रे वापरणार असाल तर फोमच्या उघड्या कडा आधी झाका. त्यातल्या सॉल्व्हंटने फोम विरघळतो.