ठाणे–नवी मुंबईतील इस्टेट एजंटांनी या चुका टाळाव्यात

1 मे 2017 पासून महाराष्ट्रात रेरा कायद्याची (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा ठाण्यातील अनेक एजंटांनी दहा हजार रुपये भरून नोंदणी केली, प्रमाणपत्र चौकटीत बसवून कार्यालयाच्या भिंतीवर लावले आणि कायद्याचे काम तिथेच संपले असे मानले. त्यानंतर नियम सतत बदलत गेले, पण कामाची पद्धत पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. एजंटाच्या अशा गाफीलपणात अडकते ती मात्र ग्राहकाची आयुष्यभराची बचत, आणि म्हणूनच या चुकांविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

नोंदणी आहे, पण ती चालू आहे का?

एजंटाची महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी पाच वर्षांसाठी असते. जानेवारी 2023 मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केले आणि मुदतवाढीनंतर 1 जानेवारी 2024 ही अखेरची तारीख ठरली. ज्यांनी हे प्रमाणपत्र संकेतस्थळावर नोंदवले नाही, अशा हजारो एजंटांची नोंदणी पुढे स्थगित झाली. काहींना हे थेट बिल्डरने दलाली रोखून धरल्यावरच समजले. वैध नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत जाऊन त्या सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे आपल्या नोंदणीची स्थिती महारेराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला स्वतः तपासावी. भिंतीवरचा कागद ही स्थिती सांगत नाही.

महारेरा क्रमांक म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ठाणे जिल्ह्यातच, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत, बनावट बांधकाम परवानग्या सादर करून 65 इमारतींसाठी महारेरा क्रमांक (प्रकल्पाचे नोंदणी क्रमांक) मिळवण्यात आले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेतलेल्या कुटुंबांनी क्रमांक पाहिला होता, अनेकांना गृहकर्जही मिळाले होते. क्रमांक खरा होता, पण त्याच्या मुळाशी असलेली परवानगी खोटी होती, आणि ते ओळखण्याची पहिली संधी विक्री करणाऱ्या एजंटाला होती.

म्हणून प्रकल्प हाती घेण्यापूर्वी संकेतस्थळावर दिसणारे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) उतरवून घ्यावे आणि त्यावरील क्रमांक व तारीख नगररचना विभागाच्या नोंदींशी जुळवून पाहावी. नोंदी ऑनलाइन सापडत नसतील, तर माहिती अधिकारात अर्ज करावा किंवा बिल्डरकडून प्रमाणित प्रत मागावी, आणि ती मिळेपर्यंत एकही ग्राहक साइटवर नेऊ नये. सीसी किती मजल्यांपर्यंत आहे, हेही वाचावे. प्लिंथपर्यंतच (जोत्यापर्यंतच) सीसी असताना विसाव्या मजल्यावरील सदनिकेचे बुकिंग घेतले जाते, तेव्हा पुढच्या प्रत्येक विलंबाचे उत्तर एजंटालाच द्यावे लागते. नवी मुंबईत तर परवानगी देणारे प्राधिकरण कोणते, हाच पहिला प्रश्न असतो: वाशीत महापालिका, उलव्यात सिडको (नवी मुंबई वसवणारे शासकीय महामंडळ). दुसऱ्याच प्राधिकरणाच्या शिक्क्याचा कागद पुढे आला, तर तिथेच थांबावे. आणि गावठाण विस्तारातील चार-पाच मजली इमारतीला ‘सर्वांची घरे अशीच आहेत’ हे उत्तर मिळत असेल, तर ते परवानगी नसल्याचे उत्तर समजावे.

टोकन कुठे जाते?

नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तरीही ‘टोकन’, ‘बुकिंग’ आणि ‘पार्किंगचे वेगळे’ अशा तीन नावांनी रक्कम घेऊन ही मर्यादा ओलांडली जाते. कायदा मात्र बेरीज पाहतो. 1 जुलै 2024 पासून प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती ठेवणे आवश्यक झाले असून ग्राहकाचा प्रत्येक धनादेश त्यातील संकलन खात्यातच जायला हवा. एजंटाने टोकन स्वतःच्या खात्यात घेणे ही आपल्या भागातील जुनी सवय आहे आणि ती आजच सोडावी, असे माझे ठाम मत आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रोखीने स्वीकारणे आयकर कायद्यानेही निषिद्ध आहे. शिवाय वार्षिक उलाढाल 20 लाख रुपये किंवा अधिक असलेले एजंट डिसेंबर 2020 पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे ग्राहकाची ओळखपत्रे व व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपून ठेवणे त्यांना भाग आहे.

सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते

ठाण्यातून नवी मुंबईत काम करायला आलेले एजंट इथे हमखास चुकतात. सिडकोची जमीन सामान्यतः 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, त्यामुळे फेरविक्रीत सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क यांचा विचार दर सांगण्याआधीच करावा लागतो. शुल्काचे दर वेळोवेळी बदलतात. मागच्या व्यवहारातील आकडा ग्राहकाला तोंडी सांगू नये. साडेबारा टक्के योजनेतील (जमीन संपादित झालेल्या प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या) भूखंडावर मूळ वाटपापासून आजच्या मालकापर्यंतची त्रिपक्षीय (सिडको, आधीचा धारक व नवा खरेदीदार यांच्यातील) करारनाम्यांची साखळी पाहावी. एक दुवा जरी नोंदणीविना राहिला असला, तरी बँक कर्ज थांबवते आणि दिलेले टोकन वादात सापडते.

मुद्रांक, कर आणि जाहिरात

ठाणे शहरात मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार व मेट्रो अधिभारासह 7 टक्के आहे. महिलांना 1 टक्का सवलत मिळते, पण सर्व खरेदीदार महिला असतील तरच. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती लागू होत नाही. 50 लाख किंवा अधिक किमतीवर 1 टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा आयकर) कापताना 1 ऑक्टोबर 2024 पासून सर्व खरेदीदारांची एकत्रित रक्कम धरली जाते, म्हणून 60 लाखांच्या घरात दोघांच्या नावे तीस-तीस लाख दाखवून टीडीएस टळत नाही. त्याच दिवसापासून दलालीवरील टीडीएस 5 वरून 2 टक्क्यांवर आला आहे. आयकर कायदा, 2025 ची अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 असल्याने जुन्या मसुद्यांतील कलमांचे क्रमांकही बदलून घ्यावेत.

जाहिरातीत महारेरा क्रमांकाबरोबर क्यूआर कोड देणे 1 ऑगस्ट 2023 पासून बंधनकारक आहे आणि उल्लंघनाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. बिल्डरने पाठवलेले चित्र कापून स्वतःचा फोन नंबर टाकताना नेमका तोच कोड गायब होतो.

चूक झाली असेल तर

10 टक्क्यांवर रक्कम गेली असेल, तर करारनामा तातडीने नोंदवावा किंवा वरची रक्कम बँकेमार्फत परत करायला लावावी. मुद्रांक कमी भरला गेल्यास फरकावर दरमहा 2 टक्के दंड वाढत जातो, म्हणून नोटिशीची वाट न पाहता मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतःहून अर्ज करावा. स्वाक्षरी झालेला दस्त चार महिन्यांत नोंदवावा लागतो. ती मुदत हुकल्यास आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून नोंदणी शक्य असते. आणि नोंदलेल्या दस्तात कार्पेट क्षेत्र, सदनिका क्रमांक किंवा नाव चुकले असेल, तर हाताने खाडाखोड न करता दोन्ही पक्षांच्या सहीने चूक दुरुस्ती दस्त करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा आणि त्याची प्रत त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेला द्यावी.