पीएलएफएसचा डेटा वापरताय? या चुका टाळा

पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, २०१७ पासून सुरू आहे. त्याचा डेटा फुकट मिळतो, त्यामुळे रोजगारावर लिहिणारी नवी मुलं तो आधी उचलतात. त्यांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. त्याच त्या चुका दाखवून थकले, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी. एका टीमने शहरी स्त्रियांच्या रोजगारावर अहवाल केला होता, सादरीकरण दोन दिवसांवर आलेलं. त्यांनी काढलेला स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण, सरकारी अहवालातल्या आकड्याच्या निम्माही नव्हता. त्यावर चार पानं कारणमीमांसा: प्रवास, सुरक्षितता, लग्न. मी फाइल उघडायला लावली. नेहमीच्या स्थितीचा, म्हणजे माणूस वर्षभर बहुतेक काय करत होता याचा, रकाना ओळीमागून ओळी रिकामा. पहिल्या भेटीची आणि पुनर्भेटीची फाइल त्यांनी एकाखाली एक जोडली होती.

तेव्हाच्या रचनेत शहरातल्या निवडलेल्या घरी चार वेळा जायचे. वर्षभराची नेहमीची स्थिती फक्त पहिल्या भेटीत विचारायचे, पुढच्या तीन भेटींत मागच्या सात दिवसांपुरतं. मुलांचा प्रोग्राम सांगत होता: स्थितीचा कोड ११ ते ८१ असेल (काम करणारे ११ ते ५१, काम शोधणारे ८१) तर श्रमशक्तीत, नाहीतर बाहेर. रिकामा रकाना बाहेर गेला. म्हणजे एकच नोकरदार बाई एकदा कामावर आणि तीनदा घरी बसलेली मोजली गेली. चार पानांची मीमांसा होती ती रिकाम्या रकान्यांची. सादरीकरण पुढे ढकलावं लागलं.

माझी सवय सांगते. नवी फाइल आली की पहिल्या दिवशी मी कुठलाही प्रश्न सोडवायला घेत नाही. वार्षिक अहवालातला एक छापील आकडा घेते आणि तोच माझ्या फाइलमधून काढून बघते. २०२३-२४ मध्ये १५ वर्षं व त्यावरील स्त्रियांचा सहभाग ४१.७ टक्के. माझा ४१.२ आला तरी पुढे जात नाही. बहुतेक वेळा घोळ भारांकात असतो, म्हणजे नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती माणसांच्या जागी धरायचा त्या आकड्यात. त्याचा मल्टिप्लायर नावाचा रकाना जसाच्या तसा वापरायचा नसतो, कशाने भागायचा ते फाइलसोबतच्या माहितीपत्रकात, रीडमीत, लिहिलेलं असतं. ते दोन पानी रीडमी न वाचता कुणाचा तरी प्रोग्राम आणून दहा मिनिटांत निकाल काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आपण माणसांच्या पोटापाण्याबद्दल लिहितोय.

आता तोच ४१.७. २०१७-१८ मध्ये तो २३.३ होता. यावरून "स्त्रियांना नोकऱ्या मिळाल्या" असं वाक्य दर तिसऱ्या मसुद्यात असतं. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंरोजगारात आहेत, आणि त्यांत कोड २१ च्या बऱ्याच: घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या. नियमित पगारी नोकरीतल्या स्त्रियांचा हिस्सा याच काळात घटला.

एकदा मी प्रगणकांबरोबर एका गावात गेले होते. बायको काय करते विचारल्यावर नवरा म्हणाला, "घरीच असते." ती तेव्हा गोठ्यात म्हशीला आंबोण कालवत होती. प्रगणक तेवढ्यावर थांबला असता तर ९२ लिहिला गेला असता, म्हणजे फक्त घरकाम. त्याने गोठ्याचं, शेतातल्या निंदणीचं खोदून विचारलं आणि २१ लिहिला. त्यामुळे दर वाढला की काम किती वाढलं आणि विचारणं किती सुधारलं, हे दोन्ही तपासावं लागतं. ११ (स्वतःचा धंदा किंवा शेती), २१, ३१ (नियमित पगारी), ५१ (रोजंदारी) असे कोड वेगळे मांडल्याशिवाय मी सहभागावर एक ओळही लिहू देत नाही.

बेरोजगारीचा दर देताना कुठल्या स्थितीने मोजला ते लिहाच. २०२३-२४ मध्ये नेहमीच्या स्थितीने ३.२ टक्के, चालू साप्ताहिक स्थितीने, म्हणजे मागच्या सात दिवसांवरून, ४.९. दोन्ही बरोबर, पण एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा घेऊ नका.

जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसच्या नमुन्याची, म्हणजे घरं निवडण्याची, रचना बदलली. जुन्या मालिकेला नवी एकाच रेघेने जोडू नका.

विषमतेवर लिहिताना भारताचा २५.५ हा गिनी (विषमता मोजणारा आकडा, ० म्हणजे सगळे समान) उपभोग खर्चाचा आहे. इतर देशांच्या उत्पन्नाच्या गिनीशेजारी तो ठेवू नका. श्रीमंत माणूस कमाईतला मोठा भाग खर्चच करत नाही, त्यामुळे खर्चातली दरी सहसा लहान दिसते.

आणि राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी. फेब्रुवारी २००६ मध्ये योजना आधी २०० जिल्ह्यांत आली, ते मागास म्हणूनच निवडले होते. तिथली मजुरी इतर जिल्ह्यांपेक्षा कमी दिसते म्हणून योजना फसली असं लिहिणारे अजून भेटतात. दोन्हीकडच्या मजुरीत आधी आणि नंतर किती फरक पडला, तो मोजा. त्याआधी, योजना येण्यापूर्वी दोन्हीकडची मजुरी सारख्याच वेगाने वाढत होती का, हेही बघा. सर्वेक्षणाच्या जुन्या फेऱ्यांचे जिल्हे जुळवण्यात दोन आठवडे जातात. जाऊ द्या.