महागड्या मेकअप-स्किनकेअरची पारख गोव्यात करताना या चुका टाळा

लंडनमध्ये बसून कुणीतरी केलेला रिव्ह्यू बघायचा, त्यावर भुलून पाच आकडी किमतीचं क्रीम मागवायचं आणि पंधरा दिवसांनी मैत्रिणींच्या ग्रुपवर 'पैसे पाण्यात गेले' असा मेसेज टाकायचा, हे आपल्याकडे आता नेहमीचं झालंय. क्रीम खरोखरच भिकार असेल, नाही असं नाही. पण बऱ्याचदा ते चुकीच्या हवेत, चुकीच्या प्रमाणात आणि आणखी चार वस्तूंच्या गर्दीत तपासलेलं असतं. मग निकाल काहीही लागला तरी त्याला अर्थ उरत नाही. स्वतःसाठी वापरून बघत असाल किंवा इतरांसाठी रिव्ह्यू लिहीत असाल, चुका साधारण त्याच होतात.

हवा हिशेबात न धरणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच.

जून ते सप्टेंबर गोव्यात आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. घाम येतो आणि वाळत नाही. ला मेरचं ते सुप्रसिद्ध मूळ क्रीम घ्या. जाहिरातीत समुद्री शेवाळाची कथा असते आणि घटकांच्या यादीत शेवाळाचा अर्क पहिला असतोही, पण त्याच्या मागोमाग मिनरल ऑइल आणि पेट्रोलॅटम येतात. दोन्ही त्वचेतलं पाणी उडू न देणारे घटक. हिवाळ्यात हीटर लावून बसणाऱ्या माणसाला त्याचा आधार वाटतो. जुलैत म्हापशाच्या बाजारातून भिजत-घामेजत घरी आलेल्या बाईला तेच क्रीम चेहऱ्यावर झाकण ठेवल्यासारखं वाटणार. क्रीम तेच, फरक हवेचा. उलट एसके-टूचं इसेन्स पाण्यासारखं पातळ असल्यामुळे इथे निदान अंगावर जड होत नाही. ते त्या किमतीचं आहे का, हा वेगळा वाद.

याच हवेत आणखी एक घोटाळा होतो. कपाळावर, केसांच्या रेषेजवळ, कधी छातीवर एकाच आकाराच्या बारीक पुळ्या येतात आणि खाजतात. लोक त्याला पिंपल्स समजून त्यावर आणखी एखादं महागडं ॲसिडवालं सिरम लावतात. पण हा मलॅसेझिया नावाच्या यीस्टचा प्रकार असू शकतो. ते सगळ्यांच्याच त्वचेवर राहतं, दमट हवा नि तेलकटपणा मिळाला की माजतं. पिंपल्सची नेहमीची औषधं त्यावर चालत नाहीत, बुरशीविरोधी औषध लागतं. निदान डॉक्टरांना करू द्या. तोवर जड तेलांचं क्रीम बंद ठेवा आणि त्याबद्दल रिव्ह्यूही लिहू नका.

रिव्ह्यूत महिना लिहायलाच हवा. 'जानेवारीत वापरलं, रात्री एसीत झोपते' आणि 'ऑगस्टमध्ये वापरलं, खोलीत फक्त पंखा' या दोन वाक्यांनी वाचणारीला जेवढं कळतं, तेवढं बाटलीच्या दहा फोटोंनी कळत नाही.

फाउंडेशनची शेड दुकानात ठरवणं

काउंटरवरची मुलगी मनगटावर तीन पट्टे ओढते, वरून पिवळे दिवे असतात, आरशाभोवती आणखी दिवे असतात, आणि आपण मान हलवतो. मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळतोच असं नाही, तेव्हा पट्टे जबड्याच्या कडेला ओढून घ्या. मग दुकानातून बाहेर पडा. पणजीत असाल तर अठरा जून मार्गावर सावलीत उभ्या राहा आणि मोबाइलचा कॅमेरा न वापरता साध्या आरशात बघा. कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने सुधारतो.

एवढ्यावर लगेच परत जाऊ नका. बरीच फाउंडेशन त्वचेवरच्या तेलाशी आणि हवेशी संबंध आला की अर्ध्या-पाऊण तासात एक छटा गडद होतात. कुठेतरी बसून भाजी-पाव खा, चहा घ्या, दहा पावलं उन्हातून चाला, थोडा घाम येऊ द्या. त्यानंतर जो पट्टा दिसेनासा झाला असेल ती तुमची शेड. दुकानदार म्हणेल, 'मॅडम, स्टॉक एकच आहे.' असू दे.

अंडरटोनच्या, म्हणजे त्वचेच्या मूळ छटेच्या, अक्षरांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बहुतेक ब्रँडमध्ये सी म्हणजे थंड, गुलाबीसर आणि डब्ल्यू म्हणजे उबदार, पिवळसर. मॅकमध्ये मात्र हे उलटं आहे. तिथे एनसी ही पिवळसर-सोनेरी त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर त्वचेसाठी. मॅकची एनसी 42 वापरणारीने दुसऱ्या ब्रँडची 'सी' उचलली की चेहरा राखेसारखा दिसायला लागतो आणि खापर नव्या फाउंडेशनवर फुटतं.

आता टिकण्याचा मुद्दा. एस्टे लॉडरचं डबल वेअर 1997 पासून बाजारात आहे आणि 'दिवसभर हलत नाही' अशी त्याची ख्याती आहे. एसी ऑफिसात बसून ती तपासण्यात काय हशील? इथल्या परीक्षा वेगळ्या. एक म्हणजे हेल्मेट. फोंड्याहून पणजीला स्कूटरने या, हेल्मेट काढा आणि गालाला लागणारा आतला स्पंज नि हनुवटीखालचा पट्टा बघा. जे तिथे लागलंय ते चेहऱ्यावरून गेलंय. दुसरी परीक्षा चवथीची. आरतीच्या वेळी दिवे विझू नयेत म्हणून पंखा बंद, खोलीत वीस माणसं, कापूर नि उदबत्त्या, झांजा, आणि एकामागून एक आरत्या चालूच. घालीन लोटांगण होईपर्यंत वरच्या ओठावर आणि नाकाच्या बाजूला काय उरलं, ते बघायचं. माझ्या लेखी कंपनीच्या चोवीस तासांच्या दाव्यापेक्षा हा अर्धा-पाऊण तास जास्त सांगतो.

तिसरी गोष्ट फ्लॅशची. देवळाच्या सभागृहातलं लग्न, फोटोग्राफरचा जोरदार फ्लॅश, आणि फोटोत नवरीचा चेहरा मानेपेक्षा पांढराफटक. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडवाला सनस्क्रीन, एसपीएफ असलेलं फाउंडेशन, वरून सिलिकाची बारीक पांढरी पावडर, यांतलं काहीही प्रकाश परत फेकतं. आरशात हे दिसत नाही. म्हणून ट्रायलच्या दिवशीच अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून एक फोटो काढा, लग्नाच्या अल्बमची वाट बघू नका.

सगळं एकदम सुरू करणं

परदेशातून कुणी भाऊ-वहिनी आले की पिशवीभर वस्तू येतात. टोनर, सिरम, आय क्रीम, रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा प्रकार). त्याच रात्री सगळं चेहऱ्यावर. आठवड्याने गाल लाल झाले तर दोष कुणाचा, सांगता येत नाही.

एका वेळी एकच नवी वस्तू. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि एका रात्रीत निकाल देऊ नका. संपर्काने येणारी ॲलर्जी बऱ्याचदा 48 ते 96 तासांनी उगवते. ते निभावलं की चेहऱ्यावर.

किती दिवस थांबायचं हे वस्तूवर अवलंबून. मॉइश्चरायझर कसं बसतं, चिकटतं का, हे आठवड्याभरात कळतं. डाग फिके करण्याचा दावा असेल तर आठ ते बारा आठवडे द्यावेच लागतात, कारण तरुण वयातसुद्धा त्वचेचा वरचा थर नवा व्हायला सुमारे 28 दिवस जातात, वय वाढलं की आणखी जास्त. रेटिनॉलला तीन महिने धरा, गरोदर असाल तर ते वापरूच नका. एक मिलीच्या सॅशेवर वास कसा आहे आणि झोंबतं का, एवढंच सांगता येतं. 'सॅशेनेच ग्लो आला' असं कुणी लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

रेटिनॉल किंवा ॲसिड सुरू केल्यावर पुळ्या आल्या तर 'पर्जिंग आहे, सोसा' असा सल्ला मिळतो. पर्जिंग म्हणजे आत दबलेल्या पुळ्या सुरुवातीला एकदम वर येणं. कधीकधी तो बरोबर असतो. नेहमीच्याच जागी पुळ्या येऊन चार-सहा आठवड्यांत ओसरल्या तर चालेल. पण जिथे कधीच काही येत नव्हतं तिथे आल्या, किंवा नुसतं ओलावा देणारं सिरम लावून आल्या, तर ते पर्जिंग नाही. ती वस्तू तुम्हाला सोसत नाही, किती का महाग असेना.

यातच एक कडू गोष्ट. फार्मसीतून आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब आधी महिनोन् महिने लावली असेल आणि तिच्यात स्टेरॉइड असेल, तर त्या चेहऱ्यावर कुठल्याच क्रीमची परीक्षा होऊ शकत नाही. अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला 2018 पासून बंदी आहे. तरी मागितली की मिळतात. पहिल्यांदा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, क्रीमचा विचार मागाहून.

व्हिटॅमिन सी खराब झाल्यावर त्याचा रिव्ह्यू करणं

स्किनस्युटिकल्सच्या सी ई फेरुलिक या सिरममध्ये 15 टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी), 1 टक्का व्हिटॅमिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड असतं. या प्रकारचं व्हिटॅमिन सी त्वचेत शिरायला पीएच 3.5 च्या खाली लागतो, म्हणून थोडं चुरचुरणं अपेक्षित आहे. पण हे रसायन हवा, उजेड आणि उष्णता, तिन्हींना घाबरतं. मे महिन्यात गाडीत राहिलेली किंवा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेली बाटली नारिंगी-तपकिरी झाली की तिचा खेळ संपला. फिकट पिवळा रंग चालतो. झाकण लगेच लावा, अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि तीन-चार महिन्यांत संपवा. जपून जपून वर्षभर पुरवली तर अर्धे पैसे वाया.

सनस्क्रीन वाटाण्याएवढं लावणं

प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि मान धरून ते साधारण सव्वा ग्रॅम होतं, म्हणजे दोन बोटांच्या लांबीएवढं. या हिशेबाने 50 ग्रॅमची ट्यूब रोज एकदाच लावली तरी चाळीस दिवसांत संपते. कुणी 'माझी सहा महिने पुरली' म्हणत असेल तर तिने त्याची परीक्षा केलेलीच नाही. 'अजिबात व्हाइट कास्ट नाही', म्हणजे चेहरा पांढरट दिसत नाही, हे वाक्यही बहुधा वाटाण्याएवढ्या थेंबावरच लिहिलेलं असतं. पूर्ण माप लावून मिरामारला संध्याकाळी चालून या. डोळ्यांत उतरून झोंबलं का, ते लिहा.

दोन बोटं लावल्यावर चेहऱ्यावर मळासारख्या वळ्या सुटत असतील, तर खालचं सिरम आणि वरचं सनस्क्रीन एकमेकांशी जमत नाहीत. सिलिकोनवाल्या वस्तूवर पाण्याची वस्तू घातली की असं होतं. मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, चोळू नका, थापा. तरी सुटल्या तर त्यातलं एक बदला.

किरकोळ वाटणारे बिघाड

लिपस्टिकवर घामासारखे थेंब दिसले म्हणून ती टाकून देऊ नका. उष्णतेने आतलं तेल वर येतं. टिश्यूने टिपून थंड जागी ठेवा. वास बदलला असेल तरच फेका. कॉम्पॅक्टवर कडक चकाकती साय धरली असेल तर ते बोटांचं नि पफचं तेल. चिकटपट्टी दाबून उचलली की खालची पावडर परत मोकळी होते. पावसाळ्यात ब्रश धुऊन उभे ठेवले तर पाणी मुळाशी उतरतं आणि कुबट वास येतो. टेबलाच्या कडेला आडवे, केस बाहेर लोंबतील असे, पंख्याखाली वाळवा.

किमतीला भुलणं आणि फुकट मालाबद्दल गप्प राहणं

जड काचेची बरणी हातात आली की क्रीम मऊ वाटायला लागतं. यावर सोपा उपाय आहे. महागडं क्रीम आणि घरातलं नेहमीचं क्रीम एकसारख्या दोन डब्यांत काढून बहिणीला खुणा करायला सांगा, तुम्हाला कळू देऊ नका. महिनाभर उजव्या गालाला एक, डाव्याला दुसरं. फाउंडेशनलाही अर्ध्या चेहऱ्याची हीच युक्ती लागू पडते.

वस्तू कंपनीने पाठवली असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा. जाहिरात क्षेत्राची संस्था एएससीआयने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले आणि फुकट मिळालेली वस्तूही त्यात येते. शेवटी 'थँक यू' म्हणून ब्रँडला टॅग करणं म्हणजे सांगणं नव्हे.

आणि माल अस्सल आहे ना, हे आधी बघा. भारतात कायदेशीर आयात झालेल्या सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता असतो, एमआरपी असते. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळायला हवा. निम्म्याहून कमी किमतीत आलेल्या, पत्ता नसलेल्या बाटलीवरून ब्रँडला नावं ठेवणं बरोबर नाही. कुणी परदेशातून स्वतः आणलेल्या मालावर भारतीय लेबल नसणार, त्याचं बिल मागायला लाजू नका.

एवढं करूनही चेहरा सुजला, पाणी धरलेले फोड आले किंवा डोळ्यांभोवती आग होऊ लागली, तर सगळं बंद करून साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे. जाताना बाटलीबरोबर खोकाही न्या, कारण घटकांची पूर्ण यादी बहुधा खोक्यावरच छापलेली असते आणि तोच आपण पहिल्या दिवशी कचऱ्यात टाकतो.